धुराचा हिशेब : प्लाझ्मा, उत्प्रेरक आणि आपण

(पेडगाव, जि. परभणी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पेडगावात बोलायला जायचं म्हटलं की मित्र हमखास विचारतात, ‘वेड पांघरून निघालात का?’ म्हणीतलं पेडगाव भीमेकाठचं, श्रीगोंद्याकडचं, असं जाणकार सांगतात. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या या पेडगावचा तिच्याशी संबंध नाही. तरी एका बाबतीत आपण सगळेच ती म्हण रोज खरी करतो. धुराड्यातून वर गेलेला धूर दिसेनासा झाला की तो संपला, असं आपण धरून चालतो. तो कुठं गेला, त्याचं काय झालं, हे विचारायचं टाळतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणिताचे शिक्षक होते असं मला संयोजकांनी सांगितलं. म्हणून विषय विज्ञानाचा घेतला, पण रीत हिशेबाची ठेवणार आहे. विषय आहे प्लाझ्मा आणि उत्प्रेरक यांच्या जोडीनं हवेतलं प्रदूषण काढण्याचा. जगभरातल्या प्रयोगशाळा गेली चाळीसेक वर्षं यामागं लागल्या आहेत आणि आता बाजारही लागला आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही विद्या खरी आहे आणि कामाची आहे. पण विषारी वायूचा रेणू मोडला म्हणजे काम झालं असं होत नाही. मोडून काय तयार झालं आणि मोडायला वीज किती लागली, हे दोन आकडे हातात आल्याशिवाय कुठल्याही यंत्राला ‘हवा शुद्ध करणारं’ म्हणू नये.

वीज, वेल्डिंग आणि ट्यूबलाइट

प्लाझ्मा ही वस्तू तुमच्या ओळखीची आहे. मृगाच्या तोंडावर आभाळात वीज कडाडते, तो प्लाझ्मा. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात डोळे दिपवणारी ठिणगी असते, तोही प्लाझ्मा. वायूला इतकी ऊर्जा द्यायची की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होऊन धावू लागतात आणि वायूतून वीज वाहू लागते. अशा विद्युतभारित वायूला अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव दिलं.

आभाळातली वीज आणि वेल्डिंगची ठिणगी हा तापलेला प्लाझ्मा. विजेच्या वाटेतली हवा क्षणभर तीस हजार अंशांच्या घरात जाते. आजच्या विषयाचा प्लाझ्मा थंड आहे. घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. चालू असताना तिच्या काचेला हात लावता येतो, ती फार तर कोमट लागते. आत मात्र इलेक्ट्रॉन अशा वेगानं धावत असतात की त्यांचं तापमान मोजलं तर दहा हजार अंशांच्या पुढं भरेल. इलेक्ट्रॉन हलके असल्यामुळं जड रेणूंना धडकूनही ते त्यांना फारसे तापवू शकत नाहीत. वायू थंड आणि इलेक्ट्रॉन तप्त, अशी ही विषम अवस्था असते.

ट्यूबलाइटमधला दाब अगदी कमी ठेवलेला असतो. कारखान्याचा धूर बाहेरच्या हवेच्या दाबाचाच असतो. त्या दाबाला थंड प्लाझ्मा टिकवणं अवघड, कारण ठिणगी एका जागी गोळा होऊन वेल्डिंगसारखी तापते. यावरचा तोडगा जर्मनीच्या वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्येच काढला होता. दोन धातूंच्या मध्ये काचेची भिंत घालायची आणि उलटसुलट वाहणारी विजेची उच्च दाबाची लहर द्यायची. काच वीज पुढं जाऊ देत नाही, त्यामुळं ठिणगी वाढायच्या आत विझते आणि शेजारी दुसरी पेटते. अशा हजारो बारीक ठिणग्यांची जांभळट झाक सगळ्या नळीभर पसरते. सीमेन्स यांना ओझोन तयार करायचा होता. पुढं फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचं पाणी ओझोननं निर्जंतुक होऊ लागलं. आज प्रदूषण काढायला जी प्लाझ्मा नळी वापरतात, ती बहुतेक वेळा त्या नळीचीच नात आहे.

नळीच्या आत काय घडतं

आता कल्पना करा, रंगाच्या कारखान्यातली हवा या नळीतून सोडली. तिच्यात टोल्युइन आहे. थिनरची बाटली उघडली की नाकात जातो त्या वासातलं हे एक रसायन. हवेत त्याचं प्रमाण लाख भागांत पंचवीस-पन्नास भाग इतकंच. बाकी सगळा नायट्रोजन, ऑक्सिजन आणि वाफ.

त्यामुळं इलेक्ट्रॉनची धडक सहसा टोल्युइनला बसतच नाही. ती बसते ऑक्सिजनला आणि पाण्याच्या वाफेला. ऑक्सिजनचा रेणू मोडायला साधारण ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते आणि नळीतल्या बऱ्याच इलेक्ट्रॉनांकडं तेवढं बळ असतं. मोडलेल्या ऑक्सिजनचे सुटे अणू आणि वाफेपासून झालेले हायड्रॉक्सिल कण भयंकर खवळलेले असतात. ते टोल्युइनवर तुटून पडतात. म्हणजे शत्रूला मारायला इलेक्ट्रॉन स्वतः जात नाही, तो हवेतूनच सैन्य उभं करतो.

पण हे सैन्य बेशिस्त असतं. टोल्युइनच्या एका रेणूत कार्बनचे ७ अणू आणि हायड्रोजनचे ८. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ९ रेणू लागतात, तेव्हा कुठं कार्बन डायऑक्साइडचे ७ आणि पाण्याचे ४ रेणू होतात. प्लाझ्मात बऱ्याच रेणूंचा प्रवास अर्ध्या वाटेतच थांबतो. बाहेर येतं कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, इतर अर्धवट जळालेली रसायनं. प्रयोगशाळेत असा प्रयोग काही तास चालवला आणि नळी उघडली, की काचेच्या आतल्या भिंतीवर तपकिरी, चिकट थर दिसतो. बोट फिरवलं तर डांबरासारखा लागतो. आत गेलेल्या सात कार्बनांपैकी धुरात पाच-सहाच मोजले गेले असतील, तर उरलेला कार्बन त्या थरात अडकलेला असतो. ‘टोल्युइन ९५ टक्के कमी झालं’ हे विधान खरं असतं आणि हवा तेवढी शुद्ध झाली नाही हेही खरं असतं.

याशिवाय दोन उपद्रवी पाहुणे. पहिला ओझोन. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात सलग प्रती निघू लागल्या की एक तिखट, घशाला झोंबणारा वास यायचा, तो यंत्रातल्या उच्च दाबाच्या तारेभोवती होणाऱ्या ओझोनचा. वर आभाळात ओझोन आपलं रक्षण करतो, पण नाकाशी आला की फुप्फुसाला इजा करतो. आपल्याच २००९ च्या राष्ट्रीय मानकांत आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागं १०० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. दुसरा पाहुणा नायट्रोजनची ऑक्साइडं. हवेतला नायट्रोजन सहसा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण प्लाझ्मात त्यालाही पाय फुटतात. एक प्रदूषक काढायला जावं आणि दुसरं पैदा करून ठेवावं, असा प्रकार.

काळ्या पुडीचं काम

इथं उत्प्रेरकाची गरज लागते. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया सोपी करून देणारा आणि स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये ही कल्पना मांडली. आपल्या रोजच्या जगण्यात तो आला गाड्यांमधून. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी नळकांडं सक्तीचं झालं. प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू त्याच्या जाळीवर पसरलेले असतात. शिसं लागलं की हे धातू निकामी होतात, म्हणून त्यासोबत शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं आणि फेब्रुवारी २००० पर्यंत देशभरातलं शिशाचं पेट्रोल गेलं. उत्प्रेरकाच्या नाजूकपणामुळं देशातल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं कमी झालं, हा त्याचा मोठाच उपकार.

त्याची अडचण अशी की तो तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्याला दोन-अडीचशे अंश तरी लागतात. धूर थंड असेल आणि प्रदूषक अगदी थोडं असेल, तर सगळी हवा तापवण्यात इंधन फुकट जातं. प्लाझ्मा थंडीतच काम करतो पण अर्धवट करतो. उत्प्रेरक नीट करतो पण थंडीत हलत नाही. प्लाझ्मा म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चालवलेली कुऱ्हाड, समोर येईल त्यावर घाव. उत्प्रेरक आपल्या पृष्ठभागावर रेणूला धरून ठेवतो आणि हव्या त्या वाटेनं नेतो. दोघांना एकत्र आणलं तर एकाचं उणं दुसरा भरून काढतो, हा या विद्येचा गाभा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी बॅटरीचा संपलेला सेल दगडानं फोडला असेल. आतून कांडीभोवतीची काळी पूड निघते आणि हात दोन दिवस काळे राहतात. त्या पुडीत मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड असतं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारं त्याचं खनिज सेलच्या कारखान्यांना जातं. हेच मँगनीज ऑक्साइड ओझोनचा काळ आहे. प्लाझ्मातून निघालेला ओझोन याच्यावर आला की मोडतो. त्यातला ऑक्सिजनचा एक अणू पुडीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि शेजारी येऊन बसलेल्या अर्धवट जळालेल्या रसायनाला पूर्ण जाळतो. तेही भट्टी न पेटवता. जो ओझोन उपद्रव होता, तोच जाळण्याच्या कामी आला.

मांडणी दोन प्रकारची असते. पहिलीत उत्प्रेरकाचे मणी प्लाझ्माच्या नळीतच भरतात, दुसरीत ते नळीच्या पुढं वेगळ्या डब्यात ठेवतात. आत ठेवले तर क्षणभर जगणारे कणही पुडीपर्यंत पोचतात. पुढं ठेवले तर फक्त ओझोनसारखे दीर्घायुषी रेणू पोचतात, पण उत्प्रेरक बदलणं सोपं जातं. कारखानदाराला दुसरी पद्धत आवडते, संशोधकाला पहिली.

आपल्या देशातही हे काम झालं आहे. हैदराबादच्या आयआयटीतले प्रा. सुब्रह्मण्यम यांनी स्टीलच्या बारीक तंतूंची नमद्यासारखी जाळी घेऊन तिच्यावर मँगनीज आणि कोबाल्टची ऑक्साइडं चढवली आणि तीच जाळी विजेचा ध्रुव म्हणून वापरली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. रजनीकांत यांनी डिझेल इंजिनाच्या धुरावर प्लाझ्मा लावून पुढं उद्योगांतला टाकाऊ माल उत्प्रेरक आणि शोषक म्हणून वापरून पाहिला. ॲल्युमिनियमच्या कारखान्यातून उरणारी तांबडी माती त्यात होती. प्लॅटिनमऐवजी उकिरड्यावरची माती चालली, तर या देशाला परवडण्यासारखं काही हाती येईल, हा त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे आणि उत्प्रेरकांच्या कामात तिचं नाव जगात घेतलं जातं. प्लाझ्माला जोड देणाऱ्या उत्प्रेरकासाठी बाहेर हात पसरायचं महाराष्ट्राला कारण नाही.

एका युनिटमध्ये किती हवा?

आता गुरुजींच्या विषयाकडं येऊ. प्लाझ्माचा खर्च लिटरमागं किती जूल ऊर्जा घातली यावर मोजतात. थोड्या प्रमाणातलं टोल्युइनसारखं रसायन काढायला लिटरमागं १०० जूल हा आकडा साधारण मध्यम धरता येईल. एक घनमीटर हवेत १,००० लिटर, म्हणजे १ लाख जूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार मुलांनीच करावा. एका युनिटमध्ये ३६ घनमीटर हवा. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत जेमतेम एवढी हवा मावते. एक खोली, एकदा, एक युनिट.

आता या आकड्याचा अर्थ लावू. हवा बंदिस्त असेल, थोडी असेल आणि तिच्यातली घाण ओळखीची असेल, तर हा खर्च परवडतो. मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने, जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या गिरण्या, सांडपाण्याची केंद्रं, जिथं दुर्गंधीचे रेणू अत्यल्प पण नाकाला असह्य असतात, तिथं प्लाझ्मा खरोखर उपयोगी पडतो. तेवढ्या थोड्या घाणीसाठी सगळी हवा सातआठशे अंशांवर जाळणं वेडेपणाचं ठरेल. उलट घाण दाट असेल तर ती जाळून उष्णता मिळवणंच शहाणपणाचं, तिथं प्लाझ्माचं काम नाही.

मोठ्या धुराड्याचं काय? आपल्या उशाशी परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. २५० मेगावॅटचा एक संच तासाला दहा लाख घनमीटरच्या आसपास धूर सोडतो. लिटरमागं १०० जूल लावले तर संचानं केलेल्या विजेतला नववा हिस्सा धूर साफ करण्यातच जाईल. कुठलंही वीज मंडळ हे मान्य करणार नाही.

तरी मोठ्या धुराड्यावर हा प्रयोग एके ठिकाणी झाला आणि तो शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखा आहे. पोलंडमध्ये श्चेत्सिन शहरातल्या पोमोझानी वीज केंद्रात २००० च्या सुमारास तासाला २ लाख ७० हजार घनमीटर धुरावर इलेक्ट्रॉनांचा झोत मारणारी यंत्रणा बसवली गेली. झोत सोडणारी यंत्रं एकूण साधारण एक मेगावॅटची. लिटरमागं हिशेब येतो १३-१४ जूल. इतक्या स्वस्तात जमलं, कारण धुरात पाण्याचा फवारा मारून अमोनिया सोडला होता. गंधकाच्या धुराशी अमोनियाचा संयोग बराचसा आपोआप होतो. झोतानं उरलेल्या गंधकाचं आणि नायट्रोजन ऑक्साइडांचं आम्ल बनवलं, तेही अमोनियात मुरलं. सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांहून जास्त आणि नायट्रोजन ऑक्साइडं ७० टक्क्यांपर्यंत निघाली. खाली कोरडी पांढरी पूड साचली. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट, म्हणजे सरळ खत. सांडपाणी काही नाही.

मराठवाड्याला यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. गंधक धुऊन काढायची रूढ पद्धत चुनखडीच्या पाण्याची आहे आणि ती पाणी पिते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं औष्णिक केंद्रांना गंधकाची मर्यादा घालून दिली, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या चारांतल्या तीनांहून अधिक संचांना गंधक काढायची यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. ते खरं आहे. पण धूर कमी पाण्यात कसा धुवायचा, हा प्रश्न सूट मिळाल्यानं सुटला नाही, फक्त लांबणीवर पडला. अशा कोरड्या पद्धतींवर आपल्या संस्थांनी काम करायची हीच वेळ आहे.

इतिहासातली एक गोष्ट जाता जाता सांगतो. नॉर्वेत बिर्कलँड आणि आयडे या दोघांनी १९०५ मध्ये नोटोडेन इथं विजेच्या ज्वालेतून हवा सोडून नायट्रोजनची ऑक्साइडं बनवली आणि त्यांपासून खत केलं. आज जो वायू आपण प्रदूषक म्हणून काढायला बघतो, तोच तेव्हा माल होता. वीज अतोनात लागे, म्हणून पुढं खतासाठी अमोनिया बनवण्याच्या हाबर-बॉश पद्धतीनं या रीतीला मागं टाकलं. विजेचा आकडा इथंही निकाल लावून गेला.

उघड्या हवेचं गणित

आता बाजाराकडं वळू. शहरातल्या चौकात यंत्र बसवलं की हवा शुद्ध, अशी एक समजूत पसरली आहे. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था ‘नीरी’ आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून ‘वायु’ नावाचं यंत्र केलं आणि २०१८ मध्ये ते दिल्लीच्या वाहतुकीच्या चौकांत बसलं. त्यात धूळ अडवायला गाळणी होती आणि वायूंसाठी टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेला कोळसा अतिनील दिव्याखाली ठेवला होता. प्लाझ्मा नव्हता, पण उत्प्रेरक होता, म्हणून आपल्या विषयाचं ते सख्खं भावंड. एका यंत्राचा प्रभाव ५०० चौरस मीटरपर्यंत सांगितला गेला. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांपेक्षाही कमी जागा.

मग २०२१ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसजवळ २४ मीटर उंचीचा धूरशोषक मनोरा उभा राहिला, ४० पंखे आणि सेकंदाला १,००० घनमीटर हवा. पुढं दिल्लीच्याच प्रदूषण नियंत्रण समितीनं हा उपाय व्यवहार्य नसल्याचं सांगितलं. मनोऱ्याजवळ थोडा फरक पडत होता, दूरवर काही नाही.

यात कुणाच्या हुशारीचा दोष नाही, आकारमानाचा आहे. पेडगावचंच गणित करू. गाव एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद धरा आणि फक्त १०० मीटर उंचीपर्यंतची हवा घ्या. १० कोटी घनमीटर झाली. युनिटला ३६ घनमीटर या दरानं ती एकदा साफ करायला २८ लाख युनिटं लागतील. आणि ताशी दहा किलोमीटरचा साधा वारा असेल तर सहा मिनिटांत गावावर दुसरी हवा आलेली असेल. वर ती वीज कोळशाचीच असली तर धूर परळीला वाढेल तो वेगळाच. एकदा उघड्यावर गेलेली घाण यंत्रानं गोळा करता येत नाही. ती नळीत असतानाच धरावी लागते.

घरात ठेवायच्या ‘आयन’ सोडणाऱ्या, ‘प्लाझ्मा’चं लेबल लावलेल्या डब्यांबद्दलही दोन शब्द. त्यांतले काही ओझोन सोडतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं अशा यंत्रांच्या ओझोनवर कायद्यानं मर्यादा घातली आहे. यंत्र लावल्यावर ‘पावसाळ्यासारखा ताजा’ वास येत असेल तर खूश होऊ नका. तो शुद्ध हवेचा वास नाही. शुद्ध हवेला वास नसतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर असं यंत्र घेण्यापूर्वी ते ओझोन किती सोडतं, हे लेखी मागा.

आपल्या गावचा धूर

शेवटी आपल्याकडं येऊ. या भागातला धूर कशाचा? उन्हाळ्याच्या तोंडावर बांधाबांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा, उसाच्या फडातल्या पाचटाचा, सोयाबीनच्या भुसकटाचा, चुलीचा, कचऱ्यातल्या प्लास्टिकचा आणि रॉकेल मिसळलेल्या डिझेलवर धकधकणाऱ्या जुन्या इंजिनांचा. यांतल्या एकाही धुराला प्लाझ्माची गरज नाही. हे सांगायला मी मुद्दाम इथवर आलो.

पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला योग्यच आहे. पण काढणं म्हणजे पेटवणं असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. कुट्टी करून ती जमिनीत मिसळता येते, किंवा दाबून कांड्या करून बॉयलरला विकता येते. पाचटाचंही तसंच, ते सरीत ठेवून कुजवलं तर ओलावा टिकतो. चुलीऐवजी गॅस परवडत नसेल तर निदान धुराडं लावलेली, नीट जळणारी चूल. बॉयलर असलेल्या कारखान्यांनी काजळी पकडायची यंत्रणा चालू ठेवली, नुसती बसवली नाही, तर परिसराला प्लाझ्मापेक्षा जास्त फायदा होईल. ट्रकवाल्यांना २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्यांत युरियाचं द्रावण घालावं लागतं. त्यापासून होणारा अमोनिया उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडांना निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये परत नेतो. ते द्रावण वाचवण्यासाठी सेन्सरला फसवणारं यंत्र बसवणारे काही लोक असतात. ते दोन पैसे वाचवतात आणि आपल्या मुलांच्या छातीत धूर भरतात.

मग ही महागडी विद्या कुणासाठी? औद्योगिक वसाहतींसाठी, रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांसाठी, दुर्गंधी सोडणाऱ्या प्रक्रिया उद्योगांसाठी. मराठवाड्यात जालना, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा बिघडलेली म्हणून नोंदलेली आहेत. तिथल्या धुराड्यांवर काय बसवायचं याचा निर्णय पुढच्या दहा वर्षांत होणार आहे. आज इथं बसलेल्या मुलामुलींपैकी कुणीतरी तो घेणाऱ्या टेबलावर असेल.

त्या मुलांना आणि गावच्या कारभाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. उद्या कुणी हवा शुद्ध करायचं यंत्र घेऊन दारात आलं, तर तीन गोष्टी कागदावर मागा. घाण उगमाशी बंद नळीत पकडता की उघड्यावर? एक घनमीटर हवेला किती युनिट लागतात? आणि आत गेलेल्या कार्बनपैकी किती कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर आला, ओझोन आणि नायट्रोजन ऑक्साइडं किती निघाली? ज्याच्याकडं या तिन्हींची उत्तरं आकड्यांत आहेत, त्याला बसायला पाट द्या आणि त्याचं नीट ऐका. ज्याच्याकडं नाहीत, त्याला ग्रामपंचायतीचा एक रुपयाही देऊ नका.